न निघणारा खंड



ग्रंथालयाशी ज्याचा थोडाही संबंध आला आहे, त्याला ‘खंड’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड असोत, की तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्याची उभारणी केली त्या मराठी विश्वकोशाचे असोत, त्यांनी आपली कपाटे भरली आणि अनेक पिढ्यांची भूक भागवली. अलीकडच्या काळात मात्र ग्रंथालयात आणखी एका प्रकारचा खंड आला आहे. तो कपाटात दिसत नाही, त्याला पुठ्ठा नाही आणि पाठीवर क्रमांकही नाही. तो सर्व्हरमध्ये, म्हणजे अनेकांच्या मागण्या एकाच ठिकाणाहून पुरवणाऱ्या संगणकात असतो. इंग्रजी परिभाषेत त्याला ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ म्हणतात. मराठीत ‘तार्किक खंड’ म्हणता येईल. आजच्या विवेचनाचा विषय या खंडाचा एक हट्ट हा आहे. कधीकधी तो काढून टाकावयाचा म्हटले तरी निघत नाही.

हा विषय तंत्रज्ञांचा, त्याचे ग्रंथालयाच्या शताब्दीत काय प्रयोजन, असे काहींच्या मनात येईल. प्रयोजन असे की, ज्या जुन्या पुस्तकांची पाने आता बोट लागताच तुटतात, त्यांच्या प्रतिमा अशाच खंडांत ठेवल्या जातात. खंड चुकीच्या रीतीने काढला गेला, तर एका दुपारी शेकडो पुस्तके नाहीशी होऊ शकतात. वाळवीलाही इतकी घाई नसते.

प्रथम हा तार्किक खंड म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी फार दूर जावयास नको. आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहासच पुरेसा आहे. निजामाच्या राजवटीत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा किनवट व राजुरा हा प्रदेश या जिल्ह्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात गेला. पुढे राजुरा चंद्रपूरला जोडला गेला. उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि २०१६ साली या एका जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. या सर्व उलाढालीत पैनगंगेने आपले पात्र बदलले नाही, की एखादे शेत जागचे हलले नाही. बदलली ती केवळ नोंद. जमीन भौतिक आणि जिल्हा तार्किक, हा भेद या मातीतल्या माणसाला निराळा शिकवावा लागत नाही.

संगणकातही नेमके हेच घडते. साठवणीच्या तबकड्या ही जमीन होय. त्यांना एकत्र करून एक खंडसमूह बांधतात आणि त्या सामाईक क्षेत्रातून गरजेप्रमाणे तार्किक खंड पाडतात. एक खंड दोन तबकड्यांवर पसरलेला असू शकतो. एका तबकडीवर पाच खंड नांदू शकतात. सर्व क्षेत्राचे लहान लहान समान तुकडे पाडलेले असतात. लिनक्स या मुक्त प्रणालीत असा एक तुकडा सामान्यतः चार मेगाबाइटांचा असतो. म्हणजे एक टेराबाइट क्षेत्रात असे २,६२,१४४ तुकडे मावतात. कोणता तुकडा कोणत्या खंडाचा, याची नोंद प्रत्येक तबकडीच्या आरंभी लिहून ठेवलेली असते. लिनक्ससाठी ही व्यवस्था हाइन्झ मौल्सहागेन या जर्मन तंत्रज्ञाने १९९८ साली प्रथम लिहिली. तीत खंड वाढवता येतो, हलवता येतो आणि काढूनही टाकता येतो.

आता काढून टाकण्याची पाळी का येते? आदिलाबाद जिल्ह्यातील एखाद्या मराठी ग्रंथालयाची कल्पना करावी. निजामकाळातील मराठी पुस्तके, स्थानिक नियतकालिकांचे जुने अंक, एखाद्या घराण्याने देणगी दिलेली मोडीची बाडे, असा संग्रह आहे. कार्यकारी मंडळाने त्यांच्या प्रतिमा घेण्याचे ठरवले. साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असे पान, इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात, रंगीत टिपले, तर न दाबलेल्या स्वरूपात त्याला सुमारे १२.६ मेगाबाइट जागा लागते. तीनशे पानांचे पुस्तक म्हणजे जवळजवळ पावणेचार गिगाबाइट. अशी पाचशे पुस्तके झाली की दोन टेराबाइटची तबकडी भरत आली. मग नवी तबकडी येते, प्रतिमा नव्या खंडात उतरवल्या जातात आणि जुना खंड काढून त्याची जागा मोकळी करावी असा विचार होतो. संगणक सांभाळणारा कार्यकर्ता ‘एलव्हीरिमूव्ह’ ही आज्ञा देतो. संगणक उत्तर देतो: हा खंड वापरात आहे. आज्ञा पुन्हा दिली, तरी उत्तर तेच येते.

या ठिकाणी बहुतेकांचा समज असा होतो की, यंत्र बिघडले. वस्तुतः यंत्र या क्षणी अत्यंत शहाणपणाने वागत असते. आपल्या देवघेव विभागात काय चालते ते आठवावे. एखादे पुस्तक निर्लेखनाच्या यादीत घातले, पण त्याचे पुस्तकपत्र अजून एखाद्या सभासदाच्या खात्यावर आहे, तर ग्रंथपाल दाखल नोंदवहीत तांबडी रेघ ओढत नाही. आधी पुस्तक कोणाकडे आहे ते पाहतो. संगणकाच्या गाभ्यातही प्रत्येक खंडापुढे एक आकडा असतो. त्या खंडाला या घटकेला किती जणांनी उघडून धरले आहे, हे तो सांगतो. आकडा शून्य असेल तरच खंड निघतो. ‘एलव्हीडिस्प्ले’ किंवा ‘डीएमसेटअप’ या आज्ञांनी तो आकडा पाहता येतो. म्हणजे नकाराचा अर्थ एवढाच की, पुस्तक कोणाच्या तरी हातात आहे. पुढचे सर्व काम तो हात शोधण्याचे.

शोधाला क्रम असावा. पहिली पायरी अगदी घरातली आहे. पुष्कळदा खंड धरून बसलेला स्वतः तो कार्यकर्ताच असतो. जुन्या खंडातील एखाद्या निर्देशिकेत शिरून तो तिथूनच आज्ञा देत असतो. किंवा सकाळी उघडलेली दुसरी खिडकी तशीच त्या निर्देशिकेत उभी असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या निर्देशिकेतून बाहेर आले की आकडा उतरतो.

दुसरी पायरी जोडणीची. खंडातील फायली वाचता याव्यात म्हणून तो प्रणालीच्या झाडाला एखाद्या फांदीवर जोडलेला असतो. त्याला ‘माउंट’ करणे म्हणतात. जोडलेला खंड काढता येत नाही, तो आधी ‘यूमाउंट’ करावा लागतो. आणि एकच खंड दोन फांद्यांवर जोडलेला असणेही शक्य आहे. एक जोडणी सोडवून दुसरी राहिली की नकार कायम. ‘फाइंडमाउंट’ ही आज्ञा सर्व जोडण्यांची यादी देते.

तिसरी पायरी चालू कामांची. खंड सोडवतानाच ‘व्यग्र आहे’ असे उत्तर आले, तर त्यातील एखादी फाइल कोणत्यातरी कामाने उघडी ठेवलेली आहे. ‘एलएसओएफ’ आणि ‘फ्यूजर’ या आज्ञा त्या कामाचे नाव व क्रमांक सांगतात. ग्रंथालयात बहुधा सापडते ती सूचीची माहिती सांभाळणारी प्रणाली. अनेक ग्रंथालये ‘कोहा’ हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयासाठी ते तयार झाले आणि २००० सालच्या जानेवारीत तिथे वापरात आले. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. ही सूची ज्या माहितीसंग्रहावर चालते, तो आपल्या फायली अहोरात्र उघड्या ठेवतो. तो त्या खंडावर असेल, तर रीतसर थांबवूनच खंड सोडवावा. त्याचे काम मध्येच तोडू नये. वाचकाच्या हातातून पान उलटताना पुस्तक हिसकावले तर पान फाटते, तशीच गत माहितीची होते.

इथवर बहुतेक गाठी सुटतात. तथापि काही धारक असे असतात की, ते या याद्यांत दिसतच नाहीत, कारण ते स्वतः प्रणालीच्या गाभ्यात बसलेले असतात. खंड स्मृतीच्या पुरवणीसाठी, म्हणजे ‘स्वॅप’ म्हणून, दिला असेल. किंवा इतर संगणकांना जाळ्यावरून तो वापरू दिला असेल. किंवा त्याच्यावर दुसरा थर चढवला असेल: कूटबद्धतेचा, अथवा एखाद्या आभासी संगणकाचा, ज्याने त्या खंडाच्या पोटात स्वतःचे विभाग पाडलेले असतात. अशा वेळी ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा उपयोगी पडते. ती साठवणीचा वंशवृक्ष काढून दाखवते. कोणता थर कोणावर उभा आहे ते तिथे एका दृष्टीत कळते. मग वरचा थर आधी उतरवावा आणि खालचा नंतर. कपाटातील तळाचे पुस्तक काढण्याआधी वरची चळत उतरवावी लागते, इतके हे साधे आहे.

सर्वांत चकवणारा धारक मात्र याहून निराळा. त्याचे स्वरूप समजण्यासाठी पुन्हा या सीमाभागाकडेच वळावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका आणि पूर्वी आदिलाबादेत असलेला, आता आसिफाबाद जिल्ह्यात असलेला केरामेरी मंडल, यांच्या सीमेवर अशी चौदा गावे आहेत की, ज्यांवर दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथल्या पुष्कळ कुटुंबांकडे दोन्हीकडची शिधापत्रिका आहे, मतदार यादीत दोन्हीकडे नाव आहे. एका राज्याच्या कचेरीत बसून केवळ आपली नोंदवही पाहिली, तर दुसऱ्या नोंदवहीत ते गाव आहे, हे कळणारच नाही. त्या वादाचा निर्णय करणे हे या व्याख्यानाचे काम नव्हे. उदाहरण तेवढे घ्यावयाचे.

संगणकातही अलीकडे अशा अनेक नोंदवह्या असतात. काही सेवांना प्रणाली जोडण्यांची एक स्वतंत्र यादी देते. इंग्रजीत तिला ‘माउंट नेमस्पेस’ म्हणतात. सेवा सुरू झाली त्या क्षणी जे जोडलेले होते, त्याची प्रत तिच्या यादीत उतरते. पुढे मुख्य यादीतून खंड सोडवला, तरी त्या सेवेच्या यादीत तो जोडलेलाच राहू शकतो. कार्यकर्ता मुख्य यादी पाहतो, तिथे खंड नाही. कोणतीही फाइल उघडी नाही. आणि तरीही संगणक म्हणतो, वापरात आहे. माणूस हतबुद्ध होतो. उपाय असा की, ‘प्रॉक’ या निर्देशिकेत प्रत्येक चालू कामाची स्वतःची जोडण्यांची यादी असते. त्या सर्व याद्यांत खंडाचे नाव शोधावे. ज्या कामाच्या यादीत ते सापडेल, ती सेवा रीतसर बंद करून पुन्हा सुरू केली की गाठ सुटते.

आणखी दोन प्रसंग सांगितले पाहिजेत. एखाद्या खंडाची त्या क्षणीची स्थिती टिपून ठेवतात, तिला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. ही टिपण मूळ खंडावर अवलंबून असते. मूळ खंड काढू गेल्यास संगणक विचारतो की, टिपणांचेही काय करावयाचे? कारण मूळ गेले की टिपणही जाते. दुसरा प्रसंग तबकडी नादुरुस्त होण्याचा. खंडसमूहातील एक तबकडीच दिसेनाशी झाली, तर समूह अपुरा ठरतो आणि त्याच्या नोंदीत फेरफार करण्यास संगणक नकार देतो. इथे आधी तबकडीची तार, तिचा विद्युत्पुरवठा आणि तिची जोडणी तपासावी. हरवलेल्या तबकडीची नोंद पुसण्याची आज्ञा आहे. परंतु तबकडी केवळ सैल झाली असेल, तर ती पुसून आपण जिवंत माणसाचा मृत्युदाखला काढला असे होईल.

आता जोराचा विषय. थकलेला माणूस शेवटी बळाकडे वळतो. ‘एलव्हीरिमूव्ह’ला जोराची खूण जोडता येते. तिने वापरात असलेला खंड बहुधा निघत नाही. पण संगणकाचे खात्री करून घेणारे प्रश्न मात्र बंद होतात. ज्या प्रश्नाने टिपणे वाचली असती, तोच प्रश्न विचारला जात नाही. दुसरा मार्ग ‘आळशी’ यूमाउंटचा. त्याने खंडाचे नाव झाडावरून तत्काळ नाहीसे होते, परंतु शेवटचा धारक सुटेपर्यंत खंड पाठीमागे तसाच जोडलेला राहतो. म्हणजे धारक तर राहिला आणि त्याला शोधण्याची खूण गेली. तिसरा मार्ग सर्वांत भयंकर. ‘डीएमसेटअप’ला जोराने खंड काढावयास सांगितले, तर ते खंडाच्या जागी असा नकाशा बसवते की, त्यावरील प्रत्येक वाचन आणि लेखन अपयशी ठरते. त्या क्षणी कोणी तिथे लिहीत असेल, तर त्याचे वाक्य अर्ध्यावर तुटते. या मार्गाला जागा आहे. तबकडी खरोखर मेली असेल आणि वाचवण्यासारखे काही उरले नसेल, तिथे. पुस्तकांच्या प्रतिमा असलेल्या जिवंत खंडावर त्याचा प्रयोग करणे म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून कपाट पेटवून देणे होय.

मग रीत कोणती असावी? अनुभवी माणसे जी पाळतात, ती अशी. पहिल्याने, नव्या खंडातील प्रतिमा जुन्याशी ताडून पाहाव्यात. फायलींची संख्या जुळली एवढ्यावर थांबू नये. प्रत्येक फाइलची तपासबेरीज जुळली पाहिजे. तिसरी एक प्रत ग्रंथालयाबाहेर, दुसऱ्या वास्तूत असावी. त्यानंतर सेवा थांबवून खंड सोडवावा. पण तो लगेच काढू नये. आधी तो निष्क्रिय करावा. निष्क्रिय करण्याची आज्ञा तीच परीक्षा घेते: कोणी धरून बसले असेल तर नाकारते. आणि तिचा मोठा गुण असा की, ती मागे घेता येते. खंड महिनाभर निष्क्रिय ठेवावा. निर्लेखनाची पुस्तके आपण काही दिवस वेगळ्या कपाटात ठेवतो, कोणी मागावयास आले तर द्यावीत म्हणून, तसेच हे. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यास खंड आपोआप सक्रिय होऊ शकतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. त्या महिन्यात कोणतीही सेवा अडली नाही, कोणत्याही वाचकाचे पान उघडावयाचे राहिले नाही, तर खंड काढावा.

काढल्यावरही एक काम उरते. संगणक सुरू होताना कोणते खंड जोडावेत, याची यादी ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलीत असते. तिथली जुनी ओळ राहून गेली, तर पुढच्या वेळी संगणक त्या नसलेल्या खंडाची वाट पाहत बसतो आणि पुष्कळदा आपत्कालीन अवस्थेत जाऊन थांबतो. खंड गेला, पण त्याच्या नावाचे पान वाढणे चालूच राहिले, असा तो प्रकार.

आणि इतके करूनही चूक झालीच तर? इथे प्रणालीच्या कर्त्यांनी दूरदृष्टी दाखवली आहे. प्रत्येक फेरफारापूर्वी खंडसमूहाच्या नोंदीची एक प्रत ‘एलव्हीएम’च्या संग्रहात ठेवली जाते, तीही साध्या वाचनीय अक्षरांत. चुकीचा खंड काढल्याचे तत्काळ लक्षात आले आणि सर्व काम जागच्या जागी थांबवले, तर ती जुनी नोंद परत बसवता येते. आणि त्या तुकड्यांवर तोवर दुसरे काही लिहिले गेले नसेल, तर मजकूरही परत मिळू शकतो. काही तबकड्यांना मात्र मोकळी जागा लगेच पुसण्याची सूचना दिलेली असते. तिथे हा आधार नाही. नोंद परत येते, जमीन परत येईलच असे नाही.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील शेवटचे ग्रंथालयाला वाढत्या जीवाची उपमा देते. जो वाढतो त्याला टाकावेही लागते. जागेची मर्यादा कपाटाला आहे, तशी तबकडीलाही आहे. प्रश्न टाकण्याच्या रीतीचा आहे. ज्या भागात मराठीचा वाचक राज्याच्या सीमेपलीकडे राहतो, ज्या पुस्तकाची दुसरी प्रत कदाचित कुठेच नाही, तिथे ‘काढून टाक’ या आज्ञेचे वजन इतर ठिकाणांहून अधिक आहे. आपल्या जुन्या ग्रंथपालांनी तांबडी रेघ ओढण्यापूर्वी दाखल नोंदवही, पुस्तकपत्र आणि कपाट या तिन्ही जागा पाहण्याची शिस्त घालून दिली. सर्व्हरसमोर बसणाऱ्या तरुण कार्यकर्त्याला ती शिस्त आज्ञांच्या यादीआधी शिकवावी. खंड निघत नाही असे संगणक सांगेल, तेव्हा त्याने चिडू नये; देवघेवीच्या खिडकीवर उभे असल्याप्रमाणे एवढेच विचारावे की, हे पुस्तक या घटकेला कोणाकडे आहे?